चौतिसावा सप्ताह

सप्ताह म्हणजे महाराजांच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण, याहून दुसरा अर्थ आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. म्हणून २००४ साली माझे थोरले दीर अनंतराव यांनी रायपुरातल्या समता कॉलोनीतून फोन केला आणि "आई, म्या सप्ताह घेतला" असं सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी फोन खाली ठेवून आधी देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं. थोरल्या मुलाला पन्नाशीत का होईना, देव आठवला म्हणून.

मग सासूबाईंच्या गुढियारीतल्या लहानशा घरात आम्ही बायकांनी चार दिवस कंबर मोडून घेतली. भिंती झाडल्या, गहू निवडले, पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, स्वयंपाकाची मोठाली गंजं मागून आणली. पोथी वाचायला तुळशीराम महाराजांना सांगून झालं. ठरल्या सकाळी ते स्नान करून, सोवळं नेसून दारात हजर. अनंतरावही आले. पण त्यांच्या हातात नारळ नव्हता. एका हातात चकचकीत फाइल होती आणि दुसऱ्या काखेत प्रेशर कुकर.

झालं होतं असं की, त्यांना कुणी तरी फोन करून "आपका नंबर निकला है" म्हणून सांगितलं होतं. ते एका हॉटेलच्या हॉलमध्ये गेले. तिथे तीन तास पनीर पकोडे खाल्ले आणि झोपाळ्यांची, घसरगुंड्यांची फिल्म पाहिली. कुणी सही केली की घंटा वाजवायचे आणि सगळे टाळ्या पिटायचे. अनंतरावांच्या नावाची घंटा वाजली, त्याचं बक्षीस तो कुकर. अभनपूरच्या पुढे 'हिंडोला' नावाचं पाण्याचं पार्क निघालं होतं, त्याला लागून रिसॉर्ट. त्या रिसॉर्टातली एक खोली दर वर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं यांच्या मालकीची. आठवडा चौतिसावा. टाय लावलेल्या पोराने शुद्ध हिंदीत त्याला नाव दिलं होतं 'आपका अपना सप्ताह'.

नवं राज्य होऊन चार वर्षं झाली होती. राजधानी झाल्यापासून रायपुरातली माणसं जमिनीचे भाव स्तोत्रासारखे म्हणत फिरायची. अनंतराव मंत्रालयात बाबू होते. राज्य स्थापन झालं ते जणू त्यांच्याच टेबलावरून पुढे गेलं, असं ते बोलत. जमीन घ्यायची मात्र राहून गेली होती आणि ते त्यांना खात होतं.

"जमीन तर सगळेच घेऊन राहिले," ते सासूबाईंना म्हणाले. "म्या काळ घेतला."

सासूबाईंनी फाइलकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं, मग दारात तिष्ठत उभ्या असलेल्या तुळशीराम महाराजांकडे पाहिलं. त्यांना जेवू घातलं, दक्षिणा दिली. रिकामी गंजं परत करायला मी आणि नणंद कलावती घरोघर फिरलो. पाऱ्यातल्या बायका विचारायच्या, "हो गया सप्ताह?"

"बोललेला सप्ताह आहे हा, अनंता," सासूबाई म्हणाल्या. "देवापुढे सांगून झाला. आता कधी तरी करा लागन."

पाच वर्षांनी सासूबाई गेल्या. सप्ताह राहिला तो राहिलाच.

माझा एक नेम आहे. सकाळी देवाला फूल वाहिल्यापासून संध्याकाळी दिवा लागेपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. दिवा लागल्यावर मोकळीक असते, पण तेव्हा कणीक मळायची असते. एवढ्या वर्षांत या नेमाने मला एकच गोष्ट शिकवली, की वाईट न बोलता नुसतं विचारता येतं. विचारण्यात निंदा नाही. आणि लिहिण्याबद्दल तर मी नेम धरला तेव्हा काही ठरलंच नव्हतं.

तर २०१६ साल. गुढियारीचं ते घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. ते मालधक्क्यावर कारकून होते. तीन वारस. थोरले अनंतराव, धाकटे माझे यजमान श्यामकांत, आणि मधली कलावती. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो. घरात राहत होती ती कलाताईच. नवरा गेल्यावर तिने मागच्या दोन खोल्यांत मशीन टाकलं आणि साड्यांना फॉल-पिको करू लागली. खिडकीपाशी मशीन, भिंतीला रंगीत दोऱ्यांच्या रिळांची फळी, खाटेवर लोकांच्या साड्यांच्या घड्या. तिचं सगळं जग तेवढंच.

घराच्या जागेवर एका व्यापाऱ्याचा डोळा होता. त्याला गोदाम हवं होतं. अनंतरावांनी सौदा जवळजवळ करूनच टाकला आणि मग वाटणीचा विचार सांगायला एका रविवारी कलाताईच्या खाटेवर, साड्या बाजूला सारून, बसले.

"श्याम अन् मी, आमचे दोघांचे पैसे," ते म्हणाले. "कलाले मी माझा सप्ताह देतो. पुरा. तिच्या नावावर करून. तिने घरावरचा हक्क सोडून द्यायचा. हक त्याग पत्र, बस."

"अन् मी राहू कुठं, दादा?" कलाताईने विचारलं. मशीनवरचा पाय तिने काढला नव्हता.

"श्यामकडं राहा, माझ्याकडं राहा. दोन दोन भावांची बहीण तू. अन् सप्ताहाची किंमत माहीत आहे का तुले? मी घेतला तवा पार्कचं तिकीट दीडशे होतं. आता नऊशे. सहा पट झालं. मंग सप्ताह बी सहा पट झाला का नाही? एक लाख दहा हजाराचा सहा-साडेसहा लाख तर आताच झाला. अजून तेरा वर्षं बाकी आहेत. तिकीट वाढतच राहणार. आठ लाखाच्या खाली मी तर धरतच नाही."

मी चहा गाळत होते. "भाऊजी," मी विचारलं, "तिकीट वाढलं म्हणून सप्ताह वाढतो का?"

"वहिनी, पार्काच्या बाजूची खोली. पार्क महाग, तर खोली महाग. नया रायपूरले रस्ता झाला, तर बाजूची जमीन वाढली ना. तसंच."

"बरोबर आहे दादाचं," माझे यजमान म्हणाले. त्यांनी चौतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात घालवली. पेटीत काय आहे ते न पाहता वरची चिठ्ठी वाचून ती पुढे ढकलायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

मला राग आला तो त्या दोघांचा नाही. त्यांची सवय आहे. राग आला तो कलाताईकडे पाहून. तिने फाइल उघडली होती. पहिल्या पानावर झोपाळ्यात बसलेलं कुटुंब होतं, खाली सोनेरी अक्षरांत 'ओनर' लिहून पुढे रेघ सोडली होती. त्या रेघेवरून ती बोट फिरवत होती.

अनंतराव गेल्यावर ती मला म्हणाली, "कुसुम, मले आवडलं गं. माझ्या नावाचं कधी काही नव्हतंच. राशन कार्ड बी बाबांच्या नावाचं, मंग यांच्या नावाचं, मंग आईच्या. एक कागद तरी."

"आणि या दोन खोल्या?"

"या काय माझ्या आहेत? मी तर राहून राहिली."

दिवा लागायला दोन तास होते. मी चहाचे कप उचलले. घरी आले, आणि मला सासूबाईंचा बोललेला सप्ताह आठवला. देवाने आठवण करून दिली म्हणतात ती अशी, वेळेवर.

दुसऱ्या दिवशी मीच अनंतरावांना फोन केला. "भाऊजी, तुमचा सप्ताह श्रावणातच येतो ना? आईंचं पारायण राहून गेलं आहे. सही करायच्या आधी मी आणि कलाताई तिथे जाऊन करून घेऊ का? तिची जागा तिला पाहूनही होईल."

त्यांना ते इतकं पसंत पडलं की ते स्वतः सोडायला आले. मुलगा यशोधन गाडी चालवत होता. या यशोधनला मराठी सगळी समजते, बोलतो मात्र हिंदीत. दिवाणखान्यात ठेवलेल्या पाहुण्यांच्या ताटांसारखी त्याची मराठी, कधी वापरात काढलेली पाहिली नाही. मागच्या सीटवर आम्ही दोघी, मध्ये पोथी, चौरंग, समई आणि सात दिवसांचा शिधा.

रिसॉर्टच्या काउंटरवर एक मुलगी होती. अभनपूरजवळच्या गावची, साधी, चुणचुणीत. तिच्या खांद्याखालच्या बिल्ल्यावर 'क्षमा' लिहिलेलं होतं. मला आधी वाटलं, तिथल्या साहेबांनीच सगळ्यांच्या तर्फे लावलं असेल. पण ते तिचं नाव निघालं.

"ये अब से ओनर मैडम हैं," अनंतराव बहिणीकडे हात करून तिला म्हणाले. मग किल्ली घेऊन कलाताईच्या तळहातावर ठेवली. घराची किल्ली काढून घेताना माणूस एवढ्या थाटाने दुसरी किल्ली देऊ शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीवर पाटी होती. विजेचा खर्च परवडत नसल्यामुळे पार्क पंधरा जुलैपासून एकतीस ऑगस्टपर्यंत बंद राहील.

"भाऊजी, चौतिसावा आठवडा दर वर्षी ऑगस्टातच येतो का?" मी विचारलं.

"शांतता राहते ना, वहिनी. पारायणाले तर चांगलंच," ते म्हणाले, आणि जेवायलासुद्धा न थांबता परत गेले. सातव्या दिवशी स्टॅम्प पेपर घेऊन येतो, प्रसादाला, असं गाडीत बसताना म्हणाले. प्रसाद आधी म्हणाले का स्टॅम्प पेपर, ते मी नीट ऐकलं आहे. पण राहू दे.

खोली म्हणजे एक खोली. तिच्या खिडकीतून पार्क दिसायचं. रिकामा हौद, त्यात हिरवं शेवाळं, फिकट निळी घसरगुंडी. मधोमध सिमेंटचा एक हत्ती, ज्याच्या सोंडेतून फिल्ममध्ये कारंजं उडायचं. सोंडेत साळुंकीने काड्या भरल्या होत्या. आम्ही पूर्वेच्या भिंतीशी चौरंग मांडला. समई लावली तोच छतावरचा पांढरा डबा असा किंचाळला की कलाताईच्या हातून पळी पडली. क्षमा धावत आली. "दीदी, अंदर दिया अलाऊ नहीं है. बाल्कनी में रख लो." मग सात दिवस महाराज आत आणि समई बाहेर.

रोज तीन अध्याय. पहाटे स्नान, वाचन, आरती, साखरेचा नैवेद्य. नैवेद्य झाला की मी वाटी घेऊन काउंटरवर जायची. प्रसाद कुणाला तरी द्यायला हवा, आणि त्या सबंध इमारतीत आम्हा दोघींखेरीज क्षमा, माळी आणि एक वॉचमन, एवढीच माणसं होती. पार्क बंद म्हणून पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत म्हणून पार्क बंद. प्रसाद देताना मी रोज एक प्रश्न विचारायची. तेवढं नेमात बसतं.

पहिल्या दिवशी विचारलं, "तुमचे ओनर लोक येतात का गं?"

"पहले आते थे, दीदी. अब टिकट महँगा हो गया तो बच्चों को लेकर कौन आएगा. चार लोगों का ही कितना हो जाता है. सीधे पुरी चले जाते हैं."

दुसऱ्या दिवशी विचारलं, "मग तिकीट वाढवलं कशाला?"

"लोग कम हुए ना, इसलिए."

पहिलं दुसऱ्यामुळे आणि दुसरं पहिल्यामुळे. मला त्या हौदातल्या बेडकांची आठवण झाली, जे रात्रंदिवस एकमेकांना तेच ते सांगत असतात.

कलाताई मात्र फुलली होती. माळी तिला "ओनर मैडम" म्हणायचा. ती बाल्कनीत समईपाशी बसून वाती वळायची आणि म्हणायची, "कुसुम, दर वर्षी आपण दोघी येऊ. मी बोलवीन तुले. माझी पाहुणी." तिने चादरीची निसटलेली कड पाहून पिशवीतून सुई काढली आणि रिसॉर्टची चादर शिवून टाकली. एवढी ती खोली तिची झाली होती. माझ्या तोंडाशी चार वेळा आलं, की ताई, तुझा भाऊ तुला फसवतो आहे. चारही वेळा दिवा लागलेला नव्हता. पाचव्यांदा आलं तेव्हा लागला होता, तर ती इतकी गाढ झोपली होती की उठववेना. घरी ती रात्री दोन दोनदा उठून साड्या मोजते.

पाचव्या दिवशी प्रसाद घेऊन जाताना मी म्हटलं, "ताई, चल ना सोबत. वाटी तूच दे. तू मालकीण."

काउंटरवर तिने वाटी पुढे केली. मी विचारलं, "क्षमा, या ओनर होणार म्हणजे यांना दर वर्षी काही भरावं लागतं का?"

"हव, मेंटेनेंस तो लगता है."

"किती?"

"फिक्स नहीं है, दीदी. बारह टिकट के बराबर. आपके कागज में लिखा है." आमची फाइल कलाताईच्या काखेतच असायची. क्षमाने ती उघडली, नवव्या पानावर बोट ठेवलं. अक्षरं एवढी बारीक की फॉल-पिकोच्या टाक्यालाही लाज वाटावी. पण कलाताईची नजर बारीक टाक्याचीच. तिने स्वतः वाचलं. दर वर्षी, खोली वापरा अगर न वापरा, पार्क उघडं असो अगर बंद, पार्कच्या चालू दराच्या बारा तिकिटांइतकी रक्कम मालकाने भरावी.

"टिकट बढ़ता है तो ये भी बढ़ता है," क्षमा अगदी हळू म्हणाली. चूक तिची असल्यासारखी.

"आणि नकोच म्हटलं तर?" मी विचारलं.

"सरेंडर होता है. उसमें दो साल का एक साथ भरना पड़ता है. फिर कंपनी वापस ले लेती है."

कलाताईने फाइल मिटली. वाटी परत घेतली. जिना चढताना पहिल्या वळणावर थांबली.

"एका साडीचे चाळीस," ती म्हणाली. "बारा नवे एकशे आठ. दहा हजार आठशे. दोनशे सत्तर साड्या, कुसुम." मग आणखी चार पायऱ्या चढून म्हणाली, "दोनशे सत्तर साड्यांले फॉल लावू, अन् बंद पार्क पाहाले येऊ."

सहाव्या दिवशीच्या तीन अध्यायांतला पहिला तिने वाचला तो अडखळत. तिसऱ्याला अडखळली नाही. मी तिला काही विचारलं नाही. प्रश्न कुठे थांबवायचे, हेही नेमातच येतं.

सातव्या दिवशी समाप्ती. आम्ही खोलीतल्या विजेच्या शेगडीवर शिरा केला, माळ्याच्या बायकोने फुलं दिली. अकराच्या सुमारास गाडी आली. अनंतराव पुढे, हातात प्लास्टिकच्या पाकिटात स्टॅम्प पेपर. मागे माझे यजमान, मोबाइलवर काही तरी करीत यशोधन. आरती झाली. अनंतरावांनी डोळे मिटून टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या नेहमी मोठ्या असतात.

"सही प्रसादाच्या आधी करून घेऊ," ते म्हणाले. "मंग तोंड गोड."

"भाऊजी," मी म्हटलं, "एक विचारू? सप्ताह आठ लाखाचा आहे ना?"

"आठच्या वर. परवाच पेपरात होतं, तिकीट अजून वाढणार."

"मग असं केलं तर? कलाताईला एवढ्या लांब येणं जमायचं नाही. ज्यांचं आहे त्यांनाच विकून टाकू, आणि ते पैसे तिला देऊ. आठ नको, कंपनी देईल ते. खाली क्षमा आहे, तिला विचारू का? प्रसाद द्यायला जायचंच आहे."

अनंतराव हसले. बायकांना व्यवहार शिकवायला मिळाला की ते तसे हसतात. "चला," म्हणाले.

आम्ही पाचही जण जिना उतरलो. क्षमाने शिऱ्याचा द्रोण दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. अनंतरावांनी फाइल काउंटरवर आपटली. "बेटा, वीक चौंतीस है. तेरह साल बाकी. कंपनी कितने में वापस लेगी?"

"सर, वापस हो जाएगा," ती म्हणाली. "इक्कीस हजार छह सौ."

"इतना कम?" अनंतराव म्हणाले. "एक लाख से ऊपर दिया है."

"नहीं सर. आपको मिलेगा नहीं. आपको भरना पड़ेगा."

बाहेर माळी हत्तीच्या पायापाशी गवत कापत होता, त्याच्या कात्रीचा आवाज येत होता. मी अनंतरावांकडे पाहिलं. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. बसला नाही. त्यांनी कानामागे खाजवलं, आणि मला कळलं की त्यांना हे ठाऊक होतं. नववं पान त्यांनी माझ्या आधी कधी तरी, वर्षावर्षाला पैसे भरताना, नीट वाचलं होतं.

"कंपनीचं जाऊ दे," ते म्हणाले. "बाहेर विकायले गेलं तर—"

"पापा, रहने दो ना," यशोधन मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला. "मैंने तो पिछले साल ही बोला था, मेरे नाम पे मत करना. तब आपने ही बोला था, बुआ को दे देंगे."

दिवाणखान्यातली ताटं त्याने काढली नाहीत, पण पोराने त्या दिवशी मराठी माणसाच्या घरातलं सगळं वाढून ठेवलं, हिंदीत का होईना.

कलाताई समाप्तीचं ताट घेऊन सगळ्यांच्या मागे उभी होती. ती पुढे आली. काउंटरवरची फाइल घेतली, तिच्यावर आमच्या समाप्तीचा नारळ ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि दोन्ही हातांनी, वाकून, थोरल्या भावापुढे धरली.

"दादा, सप्ताह पुरा झाला," ती म्हणाली. "आईनं बोललेला होता. सात दिवस असते सप्ताह. समाप्ती झाल्यावर त्याले कोणी घरी नेत नाही."

"कला, तू समजून नाही राहिली—"

"समजली ना. तू घेतला, तू ठेव. मी माझ्या दोन खोल्यांत बरी आहे." मग तिला काही सुचलं. "त्या माझ्याच आहेत, दादा. मी नुसती राहून नाही राहिली. माझ्या बी आहेत."

अनंतरावांना नारळ घ्यावाच लागला. देवाचा नारळ नाकारता येत नाही, आणि फाइल त्याच्या खालीच होती. ते माझ्या यजमानांकडे वळले. "श्याम, तू सांग हिले. तुझी तर सही झालीच आहे ना?"

माझे यजमान द्रोणातला शिरा खात होते. त्यांनी शेवटचा घास गिळला, बोटं चाटली. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी दादापुढे पेटी कधी उघडून पाहिली नव्हती. "झाली नाही," ते म्हणाले. "अन् कलाची नाही तर माझी बी नाही, दादा." मग मला म्हणाले, "अजून आहे का थोडा?"

मी त्यांना पूर्ण द्रोण वाढला.

परतताना गाडीत अनंतराव पुढे बसले होते, मांडीवर फाइल, फाइलवर नारळ. गुढियारीच्या गल्लीत कलाताई उतरली तेव्हा तिच्या दारात दोन बायका साड्या घेऊन थांबल्या होत्या. "सात दिन से कहाँ थी, दीदी?" त्यांनी विचारलं. "सप्ताह था," ती म्हणाली, आणि कुलूप उघडलं.

घर आहे तिथेच आहे. व्यापाऱ्याने गोदाम दुसरीकडे घेतलं. कलाताईने मागच्या दारावर पत्र्याची पाटी लावली, 'कलावती फॉल-पिको', आणि खाली पेंटरने स्वतःच्या मनाने 'मालकीण' लिहिलं. तिने ते पुसायला सांगितलं नाही.

पुढच्या श्रावणात, दुपारी, अनंतरावांचा फोन आला. आवाज खुशीत होता. "वहिनी, पेपर पाहिला का? पार्कचं तिकीट एक हजार पन्नास झालं. मी म्हटलं नव्हतं? कलाले सांगा, चूक केली तिनं."

बाहेर लख्ख ऊन होतं. दिव्याला अजून पाच तास होते.

"हो का भाऊजी," मी म्हटलं. "मग बाराने गुणलं की किती होतात?"

त्यांनी फोन ठेवला. मी देवापुढची वाळलेली फुलं काढली. नेम मोडला नव्हता.